मूळ नमुना

हत्तरकी सरांच्या डाव्या खांद्यावर दगडफूल उगवलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी, आणि ते आजवर कुणालाच ठाऊक नसलेल्या जातीचं होतं. खांद्यावर उगवलं याचं सरांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. जात ओळखीची नाही, हे मात्र त्यांनी आरशात पाहताक्षणी जाणलं आणि सदरा न घालता तसेच फोनपाशी जाऊन त्यांनी कुमुद चौगुलेला बोलावून घेतलं.

कुमुद आजऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागेवर ती आली. त्याआधी कितीतरी वर्षं ती त्यांच्यामागून आंबोलीच्या जंगलात हिंडली होती. दगडांवरची, झाडांच्या सालींवरची दगडफुलं कशी पाहायची, हे तिला त्यांनी शिकवलं. आपण मसाल्यात टाकतो ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार, असं सर दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे, तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

आयुष्यभरात सरांनी कॉलेजची तीन कपाटं नमुन्यांनी भरली. पण नवी जात आपल्या हातून नोंदली जावी आणि शोधनिबंधावर आपलं नाव छापून यावं, एवढी एक गोष्ट राहून गेली होती. दोनदा हाताशी आल्यासारखी वाटली. दोन्ही वेळा सरांचा निबंध लिहून होईपर्यंत तीच जात दुसऱ्या कुणीतरी छापून टाकली. त्यावर सर कधी बोलले नाहीत. शांताक्का, म्हणजे सरांच्या पत्नी, बोलायच्या. त्या दोन्ही वर्षी ह्यांनी दिवाळीचा फराळ तोंडात घातला नाही, एवढंच सांगायच्या.

कुमुद आली तेव्हा सर खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, खांदा उजेडाकडे करून. तिनं भिंग लावून पाहिलं. रुपयाएवढं राखाडी वर्तुळ, कडेला पांढरी रेघ आणि मध्यावर बारीक काळ्या वाट्या.

"दुखतं का, सर?"

"नाही. कुणीतरी हात ठेवलाय असं वाटतं."

तिनं कडेचा एक कण काढून नेला. प्रयोगशाळेत त्याचे पातळ काप केले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पुस्तकं धुंडाळली, परदेशातल्या दोघातिघांना फोटो पाठवले. कुणालाच ते कशाशी जुळवता येईना. महिन्याभरानं ती सरांकडे गेली आणि म्हणाली, "नवी आहे."

सरांनी नाव ठरवूनच ठेवलं होतं. शांता. लॅटिनच्या नियमानं ते 'शांताए' झालं असतं. शांताक्का हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या अंगावर उगवलंय तर तुमचं नाव द्या, माझं कशाला? शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं, असं सरांनी त्यांना समजावलं. ते दुसऱ्या कुणाचं तरी द्यायचं असतं. शांताक्का आत गेल्या, पण त्या दिवशी त्यांनी आमटीत दगडफूल घातलं नाही. त्यानंतर कधीच घातलं नाही.

दुपारच्या वेळी पडवीत बसून दोघांनी निबंध लिहायला घेतला. सर सांगायचे, कुमुद लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. पहिले लेखक सर, दुसरी ती. रंग, माप, वाट्यांचा आकार, बीजाणूंची लांबी, सगळं ठरलेल्या क्रमानं झालं. मग 'आधार' हा भाग आला. दगडफूल ज्यावर वाढतं त्याला शास्त्रात आधार म्हणतात. कुणाचा आधार आंब्याची साल असते, कुणाचा जांभा दगड. कुमुद म्हणाली, हा भाग मी एकटी लिहीन.

तिनं पानभर लिहिलं. आधार: एका शिक्षकाचा डावा खांदा. आधार कॅनव्हासचे बूट घालून घाट चढतो. काम करताना गुणगुणतो, चाल कुठली ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. विद्यार्थ्यानं पहिल्या दिवशी आणलेली वनस्पती त्याच्या लक्षात राहते, मग विद्यार्थी पन्नाशीचा झाला तरी त्याला तो त्याच नावानं हाक मारतो. बाहेरून आला की चप्पल काढायच्या आधी बायकोला हाक मारतो. सरांनी ते वाचलं. असं लिहीत नसतात, एवढंच म्हणाले, पण खोडलं नाही.

निबंध पाठवला त्या दिवशी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

शोधपत्रिकेच्या संपादकांचं उत्तर आठवड्यानं आलं. निबंध रोचक आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मात्र पहिले लेखक आणि मूळ नमुना ही एकच व्यक्ती असल्याचं दिसतं. नवी जात ज्या नमुन्यावरून सांगितली जाते, तो मूळ नमुना कायमचा जपून ठेवायचा असतो आणि पुढं कुणालाही तो तपासता यावा लागतो. असा नमुना स्वतःच लेखक असू शकत नाही. तरी दोहोंपैकी एक काय ते ठरवून कळवावं.

सरांनी ते तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग चहा मागितला.

कुमुद म्हणाली, आपण दुसरा नमुना शोधू. दोघं आंबोलीला गेली. धुक्यात प्रत्येक कातळ पाहिला, प्रत्येक खोड पाहिलं, देवळाच्या मागच्या भिंतीला भिंग लावलं. इतर सगळी दगडफुलं होती. ते नव्हतं. परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. गवसे गाव मागं पडल्यावर म्हणाले, "माझं नाव काढ."

"सर, तुम्ही आयुष्यभर त्यासाठी…"

"जात राहिली पाहिजे. नाव काढ."

तिनं त्यांचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या दारावरची पाटी कोरी झाली होती. पितळेची पाटी होती, अक्षरं खोल कोरलेली, तरी हात फिरवला तर गुळगुळीत लागत होती. पोस्टमन सरांचं एक पाकीट घेऊन दारात उभा राहिला आणि इथं कोण राहतं म्हणून विचारू लागला. वीस वर्षं तो त्याच दारात येत होता. शांताक्का म्हणाल्या, मी राहते.

मग परीक्षकांचे शेरे आले. परीक्षक दोन होते आणि नियमाप्रमाणे दोघांचीही नावं गुप्त होती. जात नवी आहे याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. आधाराचं वर्णन मात्र अनावश्यक लांब आहे, ते निम्म्यावर आणावं, असं पहिल्यानं सुचवलं होतं.

कुमुदनं गुणगुणणं काढलं. बुटांचं वाक्य काढलं. विद्यार्थ्यांचं काढताना थोडी थांबली, मग तेही काढलं. निबंध परत पाठवला आणि दोन दिवसांनी सरांकडे गेली, तर ते पडवीत नुसते बसलेले. पाय जमिनीला टेकत होते, पण चालायला उठवलं की घाट चढल्यासारखे धापा टाकायचे. तिला पाहून ते हसले. ओळख होती, पण नाव येत नव्हतं. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी तिनं तेरड्याचं रोप आणलं होतं. सर तिला लाडानं तेरडा म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी तिला "बाई" म्हटलं.

शांताक्कांनी तिला आत बोलावलं. गॅसवर दूध होतं, त्यांची नजर दुधावर होती.

"हे गुणगुणत न्हाईत आता. तू काय केलंस?"

कुमुदनं खरं ते सांगितलं. शांताक्कांनी दूध उतरवलं, झाकण ठेवलं आणि ते वाक्य परत घाल म्हणून सांगितलं. कुमुदनं तिथंच, ओट्यावर लॅपटॉप ठेवून, वाक्य परत घातलं. शब्दमर्यादा ओलांडली असल्याचं पडद्यावर आलं आणि वाक्य आपोआप पुसलं गेलं. तिनं तीनचारदा करून पाहिलं. शेवटी शांताक्काच म्हणाल्या, राहू दे.

सुधारलेल्या निबंधावर दुसऱ्या परीक्षकाचं म्हणणं त्यानंतर आलं. आधार एका ओळीत यावा.

या वेळी कुमुदनं काही न कापता लॅपटॉप तसाच सरांकडे नेला. निबंध मागं घ्यायचा, असं तिनं येता येता ठरवलं होतं. दुपार होती. सर उन्हात बसले होते आणि ऊन त्यांच्यातून थोडं थोडं पलीकडे येत होतं, जुन्या धोतरातून यावं तसं. पलीकडच्या भिंतीवर त्यांची सावली पडली होती. मध्ये खांद्यावरच्या दगडफुलाचं वर्तुळ तेवढं गडद दिसत होतं. ते आता तळहाताएवढं झालं होतं.

"मी मागं घेते, सर."

"मागं घेतलंस तर मी परत जाड होईन असं वाटतं तुला?"

तिला तसं वाटत नव्हतं.

"वाच," सर म्हणाले.

तिनं उरलेलं वर्णन वाचून दाखवलं. बायकोला हाक मारण्याचं वाक्य तिनं शेवटी वाचलं. सर म्हणाले, त्याला तीन ओळी लागतात. शिक्षक हा शब्द ठेवता येईल का, असं तिनं विचारलं. शिक्षक असल्यामुळं दगडफूल उगवलं, असं सिद्ध करता येणार नाही, असं ते म्हणाले. परीक्षक विचारेल. मग तिनं त्यांच्यासमोर लिहिलं. आधार: माणूस.

आत स्वयंपाकघरात शांताक्का हाकेची वाट पाहत असाव्यात, असं तिला उगाच वाटलं. सर सकाळपासून कुठं बाहेर गेलेच नव्हते.

दोन्ही परीक्षकांनी ते मान्य केलं. फक्त पहिल्यानं शेवटी एक बारीक सूचना केली होती, की 'माणूस' हे फार ढोबळ आहे, 'त्वचा' लिहावं. ती सूचना आल्याचं कुमुदनं कुणालाच सांगितलं नाही. चार दिवस ती कॉलेजात गेली, तास घेतले, घरी येऊन झोपली. पाचव्या दिवशी तिनं शब्द बदलला. ती सरांकडे पोचली तेव्हा शांताक्का त्यांना पलंगावरून उचलून सतरंजीवर ठेवत होत्या. सर एखाद्या चादरीसारखे सपाट झाले होते. चेहरा तसाच होता, डोळे उघडे होते. दुखत नाही, असं ते म्हणाले. आवाज कागद उलटल्यासारखा येत होता.

आता शेवटची पायरी राहिली होती. मूळ नमुना मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक कळवायचा. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं संग्रहालय. कॉलेजची तीन कपाटं त्यात मोडत नव्हती. पुण्याला जावं लागणार होतं.

शांताक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "माझं नाव पुस्तकात घालायचं आणि माझा माणूस कपाटात ठेवायचा, असं व्हय?"

उत्तर सतरंजीवरून आलं. सर म्हणाले, "शांता, मी कुठं जातोय? तिथं पावसाळा लागत नाही. वाळवी लागत नाही. शंभर वर्षं राहीन." मग शांताक्कांनी उठून वर्तमानपत्रं गोळा केली, कारण नमुना कसा बांधतात, हे इतक्या वर्षांत त्यांनाही ठाऊक झालं होतं. दोन कागदांच्या मध्ये त्यांनी सरांना ठेवलं, वरून पुठ्ठा लावला आणि सुतळी बांधली. गाठ सैल ठेवली.

गडहिंग्लजला बस बदलली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, मांडीवरचं काय आहे, माणूस की सामान? नमुना आहे, असं कुमुदनं सांगितलं. सामान असेल तर पुढं ठेवा आणि ज्येष्ठ नागरिक असेल तर कार्ड दाखवा, असं तो म्हणाला. शांताक्कांनी पिशवीतून सरांचं कार्ड काढून दिलं. त्यावर फोटो होता आणि नावाची जागा कोरी होती. कंडक्टरनं फोटो पाहिला, बंडलाची एक कड उचलून आत पाहिलं, आणि अर्धं तिकीट दिलं.

हर्बेरियमचे संग्रहपाल पेंढारकर नावाचे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सुतळी सोडली, सरांना टेबलावर उलगडलं, खांदा तपासला आणि उत्तम नमुना आहे म्हणाले. लेबल छापून आणलं होतं ते त्यांनी वाचलं. त्यावर जातीचं नाव होतं, ठिकाण होतं, गोळा करणारीचं नाव होतं. आधार: त्वचा.

"बोलतो का?" त्यांनी विचारलं.

"कमी," कुमुद म्हणाली.

"काही हरकत नाही. हळूहळू थांबतात."

आधी दोन दिवस शीतपेटीत ठेवावं लागेल, म्हणजे किडामुंगी मरते, असं त्यांनी सांगितलं. शांताक्कांनी पिशवीतून घोंगडं काढलं. पेंढारकरांनी ते हातात घेतलं, घडी नीट केली आणि परत दिलं. लोकर आत चालत नाही, कसर लागते. शांताक्कांनी विचारलं, मग मी आत बसू का? तेही चालत नव्हतं. शीतपेटीचं झाकण लावायच्या आधी त्या खाली वाकल्या. त्या काय बोलल्या, ते कुमुदला ऐकू आलं नाही. सरांनी उत्तर दिलं असेल तर तेही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी क्रमांक मिळाला. कपाटं एका लांब खोलीत रुळांवर उभी होती, एकमेकांना चिकटून. चाक फिरवलं की दोन कपाटांमध्ये माणूस शिरेल एवढी फट व्हायची. सरांना एका कप्प्यात आडवं ठेवलं गेलं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांत काय होतं, ते कुमुदनं पाहिलं नाही.

निबंध स्वीकारल्याची मेल दिवाळीच्या आसपास आली. प्राचार्यांनी कुमुदचा सत्कार केला, विद्यार्थ्यांनी फळ्यावर रंगीत खडूनं 'शांताए' लिहिलं. ती शांताक्कांकडे पेढे घेऊन गेली. शांताक्कांनी पेढा हातात घेतला आणि ती असेपर्यंत हातातच ठेवला.

छपाईपूर्वीची प्रत तपासायला आली तेव्हा तिच्यात एकच शंका काढलेली होती. वर्णनात कोरड्या अवस्थेतला रंग दिलेला आहे. ओल्या अवस्थेतला रंग राहिला आहे. कृपया नमुना पाहून भरावा.

तो राहिला होता खरा. नमुना खराब होऊ नये म्हणून कुमुदनं पहिल्याच दिवशी त्या खांद्याला पाणी लावायचं बंद केलं होतं. शांताक्का सरांचं अंग ओल्या टॉवेलनं पुसायच्या, तेवढा खांदा सोडून.

ती पुन्हा पुण्याला निघाली. शांताक्का न विचारताच तिच्याबरोबर बसमध्ये चढल्या.

खोली पहिल्यापेक्षा लांब झाली होती. चालता चालता खिडक्या मागं पडल्या आणि फक्त नळीदिवे उरले. पेंढारकरांनी चाक फिरवून फट केली, कप्पा ओढला आणि काम झालं की हाक मारा, असं सांगून ते निघून गेले. सर तसेच होते. कागदाखाली डोळे उघडे होते, पण त्यांच्यावर बारीक धूळ बसली होती. शांताक्कांनी पदराचं टोक पुढं केलं, मग स्पर्श करू नये ही पाटी वाचून मागं घेतलं.

कुमुदनं ड्रॉपरमध्ये पाणी घेतलं आणि राखाडी वर्तुळाच्या मध्यावर एक थेंब सोडला.

थेंब क्षणभर तसाच राहिला आणि मग आत मुरला. जिथं मुरला तिथं राखाडी फिकट झालं, आणि त्याखालून हिरवा रंग वर आला. पोपटी नव्हे, शेवाळी नव्हे, आंबोलीत धुकं उतरलं की खोडांवर दिसतो तसा. कुमुदनं पेन काढून प्रतीच्या समासात लिहिलं, ओलं असता हिरवं. लिहून वर पाहिलं तेव्हा हिरवा रंग वर्तुळाची कड ओलांडून पुढं गेला होता. तो गळ्यावर चढला, हनुवटीखाली गेला. सरांच्या सपाट छातीखाली काहीतरी किंचित फुगलं.

सरांनी तोंड उघडलं.

शांताक्का कप्प्यावर वाकल्या, कान त्यांच्या ओठांशी नेला. त्याच वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी दुसरं कपाट पाहायला आलं असावं, कारण तिकडं चाक फिरल्याचा आवाज आला आणि समोरची कपाटांची रांग रुळांवरून सावकाश त्यांच्याकडे सरकू लागली. कुमुदनं पेंढारकरांना हाक मारली. मग तिनं शांताक्कांचा दंड धरला आणि बाहेर चला म्हणाली.

"थांब," शांताक्का म्हणाल्या. "हे काहीतरी म्हणताहेत."